यात्रेला जातो म्हणायचं

नवरा-बायकोच्या फसवाफसवीचं ते जाडजूड पुस्तक मी घरी आणलं ते वाचनालयातल्या बाईंच्या सांगण्यावरून. "न्या हो तुम्ही, लई पळतंय हे. एकदा हातात घेतलं की भाजी करपतीय बघा," असं त्या म्हणाल्या. माझी भाजी आजवर कुठल्याही पुस्तकापायी करपलेली नाही. पण ऐतिहासिक कादंबऱ्यांतल्या लढाया ऐकताना हे घोरायला लागले होते, आणि आत्मचरित्रं मला सोसत नाहीत, कारण त्यांत प्रत्येकाची आई साध्वी असते. म्हटलं, हे तरी बघू.

हे म्हणजे माझे यजमान. ह्यांचे डोळे शुगरनं गेले. आधी पेपरातली बारीक अक्षरं गेली, मग बसच्या पाट्या, मग माणसांचे चेहरे. कोल्हापूरला लेसर झालं, मिरजेला इंजेक्शनं झाली. आता उजेड कुठल्या बाजूला आहे एवढं कळतं. पुण्याच्या मुलानं मोबाइलवर पुस्तकं वाचून दाखवणारं काहीतरी घालून दिलं होतं, पण त्यातल्या बाईचं मराठी ह्यांना पटेना. "हिच्यापेक्षा तू बरी," म्हणाले. मी जन्मभर मराठी शाळेत धडे वाचून दाखवले आहेत, तेव्हा मी बरी असायलाच हवी होते. तेव्हापासून दुपारचा चहा झाला की बेळगावातल्या हिंडलग्याच्या रस्त्याकडच्या आमच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकायच्या, आणि मी वाचायचं, हे ऐकायचं. मधूनच हिंडलग्याच्या तुरुंगाची गाडी गेली की तेवढ्यापुरतं थांबायचं.

पुस्तक परदेशातलं, भाषांतरित. बायको दातांची डॉक्टर, नवरा घरं विकणारा, समुद्राकाठी मोठा बंगला. नवरा महिन्यातून एकदा दोन दिवस कुठंतरी जातो, आणि बायकोला त्याच्या कोटाच्या खिशात एक किल्ली सापडते. ती किल्ली घरातल्या कुठल्याच कुलपाला लागत नाही. पन्नासेक पानं झाली की लेखक आपल्याला तोंडघशी पाडतो. ज्याला आपण भला समजलो तो लबाड निघतो, जिची कीव केली ती सगळं जाणून असते. भाषांतर करणाऱ्यानं सगळ्यांना वाक्यावाक्याला 'प्रिये' आणि 'अरे देवा' म्हणायला लावलं होतं. तरी खोटं कशाला बोलू, मजा येत होती.

ह्यांना तर वेडच लागलं. सकाळी मी ह्यांची दाढी करून देताना विचारायचे, "ती किल्ली कुणाच्या घराची असंल गं?" मी म्हणायची, गाल हलवू नका. जेवताना पुन्हा तोच विषय. मला वाटतं, लग्नाला चाळीसेक वर्षं झाली, पण आम्ही एका गोष्टीबद्दल इतकं कधी बोललो नव्हतो. हे निपाणीला तंबाखूच्या वखारीत मॅनेजर होते. सकाळच्या बसनं जायचे, संध्याकाळी अंगाला पाल्याचा वास घेऊन यायचे, जेवायचे आणि झोपायचे. आमचं बोलणं म्हणजे गॅस संपला, मुलाची फी भरली, पाणी कधी येणार. आता डोळे गेल्यावर हा माणूस मला नव्यानं मिळाला असं वाटायला लागलं होतं. ते दोन-तीन आठवडे मी सुखात होते.

मग ते पान आलं. त्या घरं विकणाऱ्यानं बायकोला सांगितलं, की कंपनीची मीटिंग आहे, अमुक शहरात चाललोय. बायकोनं त्या हॉटेलात फोन लावला. तिथं मीटिंग नव्हती, हाही नव्हता. हे खुर्चीत मागं रेलून मोठ्यानं हसले.

"येडंच हाय बेनं," म्हणाले. "ऑफिसचं कारण कोण सांगतंय व्हय? ऑफिसला फोन लागतोय की. यात्रेला जातो म्हणायचं. यात्रेत कोण कुणाला मोजतंय?"

मीही हसले. तो सुटाबुटातला परदेशी माणूस यात्रेच्या पंगतीत मांडी घालून बसलाय आणि वाढपी त्याच्या ताटात रस्सा ओततोय, असं डोळ्यांपुढं आलं आणि मला हसू आवरेना. हसत हसतच मी पुढं वाचायला घेतलं. अर्धं पान वाचलं असेल. मग मी काय वाचते आहे तेच मला कळेनासं झालं.

"काय झालं गं?"

"घसा सुकला," म्हटलं, आणि उठून स्वयंपाकघरात गेले. तांब्या उचलला आणि तो हातात धरून तशीच ओट्याशी उभी राहिले.

बेळगाव-खानापूरकडची यात्रा ज्यांना ठाऊक नाही त्यांना हे सांगायला हवं. आमच्याकडं यात्रा म्हणजे देवीचं दर्शन थोडं आणि जेवण फार. होळी झाली की गावोगावच्या यात्रा लागतात. ज्याच्या गावची यात्रा तो ऑफिसातल्यांना, बसमधल्या ओळखीच्यांना, मुलाच्या मास्तरांना, दिसेल त्याला बोलावतो. बोलावलेला एक असतो आणि येताना तो चौघांना घेऊन येतो. पंगतीवर पंगती उठतात, मटणाचे हंडे रिकामे होतात, आणि आपल्याकडं कोण जेवून गेलं हे यजमानाला स्वतःलाही सांगता येत नाही. परतायला बस नसली तर तिथंच कुणाच्या तरी माडीवर पडायचं. "काल यात्रेला गेलतो" म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही, बायकोही नाही आणि साहेबही नाही. त्यातून माझ्या माहेरी सगळे माळकरी. मटणाच्या वासानंच मला मळमळतं. मी कधी यात्रेला गेले नाही आणि ह्यांनीही कधी चल म्हटलं नाही. हे मूळचे खानापूरकडच्या शेतकरी घरातले. ह्यांना यात्रांची आवड असणारच, असं मी धरून चालले होते. निवृत्त झाल्यावरसुद्धा यात्रांचे दिवस आले की ह्यांची पिशवी भरलेली असायची.

एका वाक्यावरून संसाराचा निकाल लावायचा का, असं मी स्वतःला विचारलं. माणूस गमतीनं बोलतो. पण हे गमतीनं बोलल्यासारखं नव्हतं. चहात साखर किती घालायची ते सांगावं, तितकं ते सहज आलं होतं. आणि मग मला ह्यांच्या वखारीतले एक गृहस्थ आठवले. कणकुंबीच्या बाजूचे, बोलायला मोठे गोड. एका वर्षी ते घरी यात्रेचं आमंत्रण द्यायला आले आणि चहा पिताना मला म्हणाले, "वैनी, औंदा तरी साहेबांना धाडा. गेल्या खेपेला आलेच न्हाईत." गेल्या खेपेला हे त्यांच्याकडंच गेले होते, रात्री मुक्कामही केला होता. मी हसून सोडून दिलं. मला वाटलं, एवढ्या गर्दीत त्यांच्या लक्षात राहिलं नसेल. आमच्या भागातल्या कुठल्याही बाईला हेच वाटलं असतं.

त्या गर्दीवर मी इतकी वर्षं भरवसा ठेवला होता.

मला एवढंच कळायला हवं होतं, की ज्या माणसाबरोबर मी म्हातारी झाले तो माणूस मला ठाऊक होता की नव्हता. सरळ विचारायचं धाडस होईना. नाही म्हणाले असते तर माझा विश्वास बसला नसता. हो म्हणाले असते तर दुसऱ्या दिवशी सकाळी इन्सुलिन टोचायला पुन्हा मीच होते. बाथरूमपर्यंत हात धरून न्यायला मी, भातातले खडे बघायला मी. भांडून निघून जायचं वय आणि ठिकाण दोन्ही मागं पडलं होतं. मुलाला फोन करून काय सांगणार? "तुझ्या बाबांनी एका पुस्तकावर शेरा मारला"?

म्हणून मी पुस्तकाचाच आधार घेतला. ह्यांना दिसत नव्हतं. मी छापलेलं वाचते की मनातलं, हे कळायला मार्ग नव्हता. आधी थोडं थोडं बदलून बघितलं. किल्लीचा रंग बदलला, पावसाच्या जागी ऊन घातलं. कळलं नाही. मग एका दुपारी मी पुस्तक मांडीवर उघडं ठेवलं आणि पुस्तकात नसलेला प्रसंग सांगायला लागले. बायको नवऱ्याला समोर बसवते आणि म्हणते, मला सगळं समजलंय. तू सांगायचास त्या ठिकाणी तू कधीच गेला नाहीस. ती कोण आहे? किती वर्षं चाललंय हे? तिच्याशी बोलताना तू माझ्याबद्दल काय बोलतोस?

वाचता वाचता मी ह्यांच्या तोंडाकडं बघत होते. आंधळ्या माणसाकडं टक लावून बघता येतं, त्याला काही वाटत नाही. ह्यांचा चेहरा हलला नाही. खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरायची ह्यांना सवय आहे, तो ताल मात्र थांबला.

"हे पुस्तकात न्हाय," हे म्हणाले.

मी मुद्दाम पान वाजवलं. "आहे की. समोर छापलंय."

"तू वाचतीस तवा मान खाली असती. आवाज खाली जातोय. आत्ताचा आवाज सरळ माझ्या तोंडावर आला." मग म्हणाले, "आणि असं आडून कशाला विचारतीस? तुला सगळं म्हाईतच हाय की."

मी पुस्तक मिटलं.

"म्हाईत हाय न्हवं?" ह्यांनी पुन्हा विचारलं. आवाजात जराशी धास्ती होती.

त्या क्षणी पुस्तक ह्यांच्या डोक्यात घालावं इतका संताप आला होता मला. पण त्याहून मोठी लाज वाटली. मागच्या बाकावरची कॉपी मी फळ्याकडं तोंड करून पकडत असे. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांचे संशय घेऊन माझ्याकडं येतात आणि मी त्यांना अक्कल शिकवते. आणि माझ्याच घरात, माझ्याच हातचं जेवून, एक माणूस उभं आयुष्य मला बनवत होता आणि मला वासही आला नाही. हे त्याच माणसासमोर कबूल करायचं? माझ्यापुढं दोनच गोष्टी होत्या. मूर्ख ठरायचं, नाहीतर मोठ्या मनाची. मी मोठ्या मनाची ठरले.

"व्हय," म्हटलं. "म्हाईत हाय. पहिल्यापासनं."

ह्यांनी मोठा श्वास सोडला. हात पुढं करून माझा हात चाचपला, आणि तो सापडल्यावर दोन्ही हातांत धरून ठेवला. "मला वाटलंच," म्हणाले. "तुझ्या नजरेतनं काय सुटतंय व्हय? तू बोलली न्हाईस म्हणून मीबी कवा बोललो न्हाय."

त्या दिवसापासून पुस्तक बंद झालं. उरलेली पानं मी एकटीनंही वाचली नाहीत. परत दिलं तेव्हा वाचनालयातल्या बाईंनी विचारलं, "शेवट कसला भारी हाय की न्हाय?" मी म्हटलं, हो, अगदी अनपेक्षित.

आता दुपारचा चहा झाला की हे बोलतात आणि मी ऐकते. मला सगळं माहीतच आहे म्हटल्यावर लपवायचं काय उरलं? ती निपाणीतल्या एका पतसंस्थेत कॅशियर होती. नवऱ्यानं टाकलेली, मूल नाही, एकटी राहायची. तिच्या घराच्या मागच्या दाराशी पपईचं झाड होतं. तिला थंडीत दम लागायचा. ती गाणी म्हणायची, पण सूर लागला नाही की स्वतःच हसायची. ह्यांची शुगर पहिल्यांदा तिनं ओळखली, वारंवार पाणी पितात म्हणून, आणि तिनंच रक्त तपासायला पाठवलं. मला आठवतं, रिपोर्ट घेऊन हे घरी आले तेव्हा मी म्हटलं होतं, बरं झालं तुम्हीच आपणहून तपासून घेतलंत.

मी मध्ये मध्ये हुंकार देते. काही गोष्टी नव्यानं कळल्यासारखं दाखवून चालत नाही, म्हणून "ते ठाऊक आहे मला, पुढं सांगा" असंही म्हणते. हे मला फार चांगलं जमायला लागलं आहे.

ती वारली त्याला तीनेक वर्षं झाली. कॅन्सर होता. तेव्हा ह्यांना अजून थोडं दिसत होतं. हे तिच्या अंत्यविधीला गेले, तेही यात्रेचं सांगूनच, आणि ओळखीच्या चार माणसांत मागं उभे राहून परत आले. घरी आल्यावर अन्नाला शिवेनात. मला ते दिवस चांगले आठवतात. मला वाटलं शुगर उतरली. मी तोंडात साखर घातली, रिक्षा करून डॉक्टरकडं नेलं, लिंबाचं पाणी चमच्यानं पाजलं. काय झालंय म्हणून एका शब्दानं विचारलं नाही, कारण काय झालंय ते मला समजलंय अशीच माझी समजूत होती.

"तू तवा एक शब्द बोलली न्हाईस," हे मला म्हणाले. "दुसरी कोण असती तर डाव साधला असता. तू लेकरागत पाणी पाजलंस मला. ते मी मरेस्तोवर विसरणार न्हाय."

रडायचंसुद्धा मी घालवून बसले आहे. जिला पहिल्यापासून ठाऊक होतं ती बाई आता कशाला रडेल? फसलेल्या बाईला निदान कुणी जवळ घेतं, तिची बाजू घेऊन शिव्या घालतं. माझ्या बाजूचं असं कुणी होऊच शकत नाही, कारण ती बाजूच मी मिटवून टाकली. हे मात्र आता खूश असतात. जेवण सुधारलं, झोप लागते. परवा डॉक्टर म्हणाले, "शुगर छान कंट्रोलमध्ये आलीय. घरचं वातावरण चांगलं ठेवलंय तुम्ही." मी त्यांना थँक्यू म्हटलं.

गेल्या आठवड्यात ह्यांनी ओटीची गोष्ट काढली. हे यात्रेला निघाले की मी पिशवीत देवीच्या ओटीचं सामान द्यायची. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि खण. आपण जात नसलो तरी देवीचं देणं चुकायला नको म्हणून. खण मी शहापूरच्या पेठेतून स्वतः जाऊन आणायची, रंग आणि काठ बघून. देवीला द्यायचा म्हणजे कसातरी कसा देणार?

"त्या ओट्या मी तिलाच द्यायचो," हे म्हणाले. "देवळात जायचोच न्हाय तर काय करणार? तुला ते कळत असंलच म्हणा."

"व्हय," मी म्हटलं.

"पण तिनं एकबी खण कवा शिवून घेतला न्हाय. ट्रंकेत घालून ठेवायची. त्यावरनं आमचं भांडण व्हायचं बघ दरवेळी. ती म्हणायची, तुमच्या मिसेसना काय म्हाईत न्हाय. मी म्हणायचो, तिला सगळं म्हाईत हाय, मास्तरीण हाय ती. तर म्हणायची, न्हाय ओ. ज्या बाईला म्हाईत असतंय ती एवढा बघून, निवडून खण धाडत न्हाय. त्या खरंच देवीला म्हणून धाडतात. त्यांना कायबी म्हाईत न्हाय. असं म्हणून रडायची गं. मी किती समजावलं तरी ऐकायची न्हाय. शेवटपर्यंत तेच धरून बसलती."

रस्त्यावरून एक बस गेली, ती पुढं जाईपर्यंत हे थांबले. मग मी तिथंच आहे असं समजून माझ्या खुर्चीच्या जरा बाजूला, भिंतीकडं तोंड करून हसले.

"आज असती तर सांगितलं असतं तिला," म्हणाले. "मीच बरोबर निघालो की न्हाय?"

"व्हय," मी म्हटलं. "तुमीच बरोबर."